रडून मिठी मारली आणि संपलं, असं न झालेल्या क्षमेच्या गोष्टी

जुनी_वही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी संडे स्कूलला शिकवते, 12 ते 14 वयाची मुलं. गेल्या रविवारी विषय होता क्षमा, आणि मी नेहमीची तयारी करून गेले होते, उधळ्या पुत्राचा दाखला (पैसे उडवून घरी परतलेल्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट), मग एकदोन गोष्टी, शेवटी प्रार्थना. सगळं नीट चाललं होतं तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, तुमच्या सगळ्या गोष्टींत शेवटी रडतात आणि मिठी मारतात. मी माझ्या ताईला माफ केलंय, खरंच केलंय, पण रात्री परत राग येतो. मग ते माफ केलेलं कॅन्सल होतं का?"

मी म्हटलं पुढच्या रविवारी सांगते. पळच काढला सरळ.

म्हणून इथे विचारतेय. रोजच्या आयुष्यातल्या गोष्टी हव्यात, ख्रिस्ती विश्वास, प्रेम, क्षमा यातल्या, पण ज्यात शेवटी व्हायोलिन वाजत नाही अशा. वाळूवर आणि दगडावर लिहिणाऱ्या दोन मित्रांचा फॉरवर्ड कृपया नको, तो मला वर्षातून चार वेळा येतो.

सुरुवात माझ्यापासून. माझे वडील हिशोबाची वही ठेवायचे, कुणाला किती दिले, कधी परत आले, सगळं त्यात. माझ्या काकांनी एकदा मोठी रक्कम घेतली आणि बुडवली. बुडवली म्हणजे अक्षरशः, नंतर तर "मी घेतलेच नव्हते" इथपर्यंत गेलं प्रकरण. येणंजाणं बंद, लग्नकार्य बंद, आई त्यांचं नावसुद्धा घ्यायची नाही. वडील गेल्यावर सामान आवरताना ती वही सापडली. काकांचं नाव होतं, रक्कम होती आणि त्यावर रेघ मारून बाजूला एकच शब्द, "सोडले". खाली तारीख. वडील जायच्या 11 वर्षं आधीची. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! आई तर सगळी 11 वर्षं रोज त्या रकमेवर व्याज लावत होती मनातल्या मनात.

तर ही झाली माझी. आता तुम्ही सांगा.

तिसरी_खिडकी

धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे.

माझं अगदीच फुटकळ आहे पण सांगते. ऑफिसात एकाने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं आणि वर मीटिंगमध्ये मलाच "जरा लक्ष देत जा" असं ऐकवलं. बायबलमधलं मत्तय 5:44 लहानपणापासून पाठ आहे, वैऱ्यांवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, म्हणून रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करायला लागले. पहिला महिनाभर माझी प्रार्थना अशी होती की देवा याचं भलं कर पण आधी याला कळू दे. मग हळूहळू "आधी" गळालं. कधी ते नाही सांगता येणार. त्याची मुलगी आजारी आहे असं मध्ये कानावर आलं आणि त्या रात्री मी तिचं नाव घेतलं प्रार्थनेत, त्याच्याबद्दल तक्रार करायची राहूनच गेली, एवढंच. त्याला यातलं काहीच माहीत नाही आणि तो अजूनही तसाच आहे, परवाच माझं प्रेझेंटेशन ढापलंय. :-)

हिशोबी_माणूस

वही म्हटल्यावर मला राहवत नाही, व्यवसायाने हिशोबनीस आहे.

मत्तय 18 काढा. येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? बिचाऱ्याला वाटलं असणार आपण फार उदार आकडा सांगितला. येशू म्हणतो साताच्या सत्तर वेळा. लगेच पुढे दाखला येतो, एका चाकराला राजाचं 10,000 तालांत देणं असतं, राजा सोडून देतो, तो बाहेर पडतो आणि 100 दीनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. आता आकडे बघा. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय 20 मध्ये द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांना तीच मिळते). एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार. म्हणजे पहिल्याचं कर्ज सहा कोटी दिवसांची मजुरी, एकही सुट्टी न घेता 1 लाख 64 हजार वर्षं! आणि दुसऱ्याचं 100 दिवसांचं.

प्रवचनात नेहमी सांगतात बघा किती मोठा फरक, सहा लाख पट. बरोबर आहे. पण माझं लक्ष दुसऱ्या आकड्यावर अडकतं. 100 दिवसांची मजुरी ही काही चिल्लर नाहीये हो. तीन महिन्यांहून जास्त कमाई कुणी बुडवली तर घर हलतं. येशूने तिथे एक दीनार म्हटलं असतं तर गोष्ट अजून ठसठशीत झाली असती, पण त्याने 100 म्हटलं. म्हणजे तुझं नुकसान झालंच नाही असं तो म्हणत नाहीये. झालंय, खरंखुरं झालंय, आणि तरी सोड.

अजून एक. आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानात "ऋण" हाच शब्द आहे, आमच्या ऋण्यांस आम्ही ऋण सोडले तशी तू आमची सोड. जुनी_वही, तुमच्या वडिलांनी "माफ केले" नाही लिहिलं, "सोडले" लिहिलं. मूळ ग्रीक क्रियापदाचाही अर्थ सोडून देणं, जाऊ देणं असाच आहे. आणि कर्ज सोडलं की ते हवेत विरत नाही, आमच्या धंद्यात ते देणाऱ्याच्या खात्यावर तोटा म्हणून बसतं. कुणीतरी भरतंच ते.

स्पष्टच_बोलते

इथे सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहिते. राग आला तर येऊ दे.

माझ्या जवळच्या मैत्रिणीला तिचा नवरा मारायचा. ती चर्चमधल्या वडीलधाऱ्यांकडे गेली, त्यांनी तिला हेच साताच्या सत्तर वेळा ऐकवलं आणि प्रार्थना करून घरी पाठवलं. दोनदा. तिसऱ्यांदा ती कुणाकडे गेलीच नाही, थेट हॉस्पिटलात गेली. तेव्हापासून कुणी "क्षमा करा" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोण कुणाला सांगतंय? मार खाणारी स्वतः म्हणाली तर मी तिच्या पाया पडेन. मारणाऱ्याचे मित्र तिला सांगत असतील तर ती क्षमा नाही, ते प्रकरण मिटवणं आहे.

आणि बायबलमध्येच बघा की. योसेफाने त्याला विकून टाकणाऱ्या भावांना क्षमा केली हे सगळे सांगतात पण उत्पत्ती 42 ते 45 नीट कुणी वाचत नाही. भाऊ समोर आले तेव्हा त्याने लगेच ओळख दिली नाही. एकाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामिनाला घेऊन या म्हटलं, नंतर त्याच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवला. कशासाठी? धाकट्यावर संकट आलं की हे त्यालाही माझ्यासारखंच सोडून जातात का हे बघायला, निदान मी तरी तसंच वाचते. त्यांच्यातला यहूदा पुढे आला, म्हणाला त्याच्याऐवजी मला गुलाम ठेवा, तेव्हा कुठे योसेफाला रडू आवरेना. रडायला तो आधीही गुपचूप आत जात होता, म्हणजे राग कधीच गेला होता. विश्वास मात्र त्याने तपासून घेतला. जकातदार जक्कयाचंही तेच, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला, नुसतं सॉरी नाही म्हणाला.

मैत्रिणीने नवऱ्याला क्षमा केलीये असं ती सांगते. वेगळी राहते. दोन्ही खरं आहे.

जुनी_वही

स्पष्टच_बोलते, राग कसला, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वर्गात कुठल्या मुलाच्या घरी काय चाललंय मला माहीत नसतं आणि मी आपली सरसकट "क्षमा करा" म्हणत असते. जरा हादरलेच वाचून.

नुसता_वाचक

मी ख्रिस्ती नाही, कुतूहलाने वाचतोय. एक शंका, हलके घ्या. हे सगळं चांगलं आहे पण गुन्हेगाराचं फावत नाही का? करणारा करून गेला, ज्याचं गेलं त्यानेच वर मन मोठं करायचं, हा कुठला न्याय?

पायरीवर

नुसता_वाचक, शंका रास्त आहे आणि आमच्यातही ती आहेच.

ग्लॅडिस स्टेन्स आठवतात का? जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम, आणि 10 आणि 6 वर्षांची दोन मुलं झोपलेल्या गाडीत जाळली गेली. बाईंनी जाहीर सांगितलं की मी मारेकऱ्यांना क्षमा केली आहे. लेकीला घेऊन लगेच ऑस्ट्रेलियाला परत गेल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं, पण त्या 2004 पर्यंत राहिल्या, कुष्ठरोग्यांमधलं काम चालू ठेवलं. पण खटला चाललाच. मुख्य आरोपीची फाशी हायकोर्टात जन्मठेप झाली आणि 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानेही जन्मठेप कायम ठेवली. शिक्षा देणं कोर्टाचं काम, ते कोर्टाने केलं. आपल्या मनात त्या माणसाचं काय करायचं तेवढं बाईंच्या हातात होतं.

पोप जॉन पॉल दुसरे यांचंही तसंच. 13 मे 1981 ला गोळ्या लागल्या, चारच दिवसांनी त्यांनी क्षमा केल्याचं सांगितलं, डिसेंबर 1983 ला तुरुंगात जाऊन त्या माणसासमोर खुर्ची ओढून बसले. काय बोलणं झालं ते आमच्या दोघांतच राहील म्हणाले. आणि तो माणूस इटलीच्या तुरुंगातून सुटला 2000 साली! म्हणजे भेटीनंतरही 16 वर्षं आतच.

आता माझी गोष्ट, आणि मी यात करणारा आहे, सोसणारा नाही. शेजाऱ्याची गाडी रिव्हर्स घेताना मी ठोकली. कुणी पाहिलं नाही, मी गप्प बसलो. त्याने दुसऱ्याच एकावर संशय घेतला, त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, मी खिडकीतून ऐकत होतो. मत्तय 5:23 माहीत असेल तुम्हाला, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट बघा, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध असेल तर असं नाहीये ते. मी पाच रविवार अर्पण टाकलं, सहाव्याला उठून बाहेर आलो.

त्याच्या दारात उभा राहून सांगितलं, पैसे पुढे केले. त्याने मोजून घेतले. "ठीक आहे" म्हणाला आणि दार लावलं. बस! मला वाटलं होतं निदान आत येऊन बसा म्हणेल, शिव्या तरी देईल. ज्याच्यावर आळ आला होता त्याच्याकडेही गेलो, त्याने मात्र शिव्या दिल्या, आणि खरं सांगू का, तेच बरं वाटलं.

त्यानंतर दोन वर्षं शेजारी माझ्याशी बोलला नाही. मी रोज जिन्यात "काय म्हणताय" म्हणायचो, तो किल्ल्या शोधायचा. मागच्या महिन्यात बेल वाजली, दारात हा. म्हणाला, "शिडी आहे का?" दिली शिडी. अजून परत आणलेली नाही आणि मी मागणारही नाहीये.

तिसरी_खिडकी

शिडी!!! 😂 हसू पण आलं आणि घशात काहीतरी पण आलं.

रात्रपाळी

मी नर्स आहे, ओळख पटेल असं काही लिहीत नाही, थोडं बदलून सांगते.

एक आजोबा होते आमच्या वॉर्डात, शेवटचे दिवस. मुलाशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं, का ते मला माहीत नाही, पण आजोबांच्या बोलण्यावरून चूक त्यांचीच असावी. रोज विचारायचे, फोन आला का. एका रात्री साडेअकराला मुलगा आला. व्हिजिटिंगची वेळ नव्हती, मी सोडलं आत. मनात म्हटलं आता लूक 15 बघायला मिळणार, बाप धावत येऊन गळ्यात पडतो तो प्रसंग, फक्त इथे उलटा.

तसलं काहीच झालं नाही. तो पलंगाशी उभा, आजोबा जागे, बघतायत छताकडे. पाच मिनिटं कुणी एक शब्द नाही. मला इंजेक्शन द्यायचं होतं पण पुढे जावेना. मग त्याचं लक्ष आजोबांच्या हातांकडे गेलं. नखं खूप वाढली होती, एकाच्या खाली रक्त साकळलेलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, नेलकटर आहे का. मी ड्रॉवरमधलं दिलं. तो स्टुलावर बसला, त्यांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर रुमाल टाकून त्यावर ठेवला आणि एकेक नख कापायला लागला. इतकं सावकाश की प्रत्येक टक् मला टेबलापाशी ऐकू येत होतं. अंगठ्याचं नख जाड होतं, ते तीन वेळा थोडंथोडं करून. दहा झाली. मग पायांचीही कापली. रुमालाच्या कडा गोळा केल्या, कचऱ्याच्या डब्यात झटकला, नेलकटर मला परत दिलं आणि म्हणाला, "त्यांना सांगा मी आलो होतो." अहो आजोबा तिथेच होते, जागे, टक्क जागे!

मी जाऊन सांगितलं त्यांना, काय करणार. म्हटलं आजोबा, मुलगा येऊन गेला. ते म्हणाले, "हो. कळलं."

दोन दिवसांनी गेले. त्या दोघांत क्षमा झाली की नाही मला विचारू नका. पण योहान 13 मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो तो उतारा चर्चमध्ये वाचला की माझ्या डोळ्यांसमोर परात आणि टॉवेल येतच नाही आता, ते नेलकटर येतं.

नुसता_वाचक

... काय लिहू यावर. धन्यवाद.

हिशोबी_माणूस

रात्रपाळी, निःशब्द.

मूळ प्रश्न मात्र राहिलाच, रात्री राग परत आला तर क्षमा कॅन्सल होते का. कोरी टेन बूम यांचं नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. डच बाई, ज्यूंना घरात लपवलं म्हणून पकडल्या गेल्या, बहीण रावेन्सब्रुकच्या छळछावणीत डिसेंबर 1944 मध्ये वारली. 1947 साली म्युनिकमध्ये भाषणानंतर त्याच छावणीचा एक पहारेकरी समोर येऊन हात पुढे करतो, तो प्रसंग प्रवचनात नेहमी सांगतात. हात उचलेना म्हणून त्यांनी मनात मदत मागितली, निर्जीवपणे हात पुढे केला, प्रेम नंतर आलं.

पण त्यांचा दुसरा प्रसंग कुणी फारसं सांगत नाही. काही वर्षांनी त्यांच्या ओळखीच्या ख्रिस्ती मित्रांनीच त्यांना दुखावलं आणि पहारेकऱ्याला क्षमा करून बसलेल्या ह्या बाईला झोप येईना! क्षमा केली, परत राग, परत क्षमा. शेवटी एका पाळकांना विचारलं. ते म्हणाले, चर्चच्या घंटेचा दोर ओढायचं सोडून दिलं तरी घंटा काही वेळ वाजत राहते, आवाज हळूहळू कमी होतो. तुम्ही दोर सोडलाय ना? मग वाजू दे थोडी.

मला वाटतं तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलीला हे चालेल.

आणि एक, धंदा डोक्यात आहे म्हणून. बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचा, अख्खं 25 वचनांचं आहे. ओनेसिम नावाच्या दासाला परत पाठवताना पौल त्याच्या मालकाला लिहितो, त्याचं तुला काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. बाकी पत्रात भाऊ, प्रीती, सगळं आहे, आणि मध्येच ही रोख हमी! मला फार आवडते.

जुनी_वही

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. रविवार झाला, सांगायला आलेय.

घंटेचं सांगितलं. शिडीचं सांगितलं, पोरं हसली. नखांचं सांगताना मलाच पुढे बोलता येईना म्हणून तिथे थांबले. आणि मग वही नेली होती ती फिरवली वर्गात, म्हटलं बघा माझ्या बाबांचं अक्षर.

मागच्या बाकावरच्या तिने वही खूप वेळ धरून ठेवली. मग म्हणाली, "टीचर, ही एक रेघ नाहीये." मी म्हटलं काय? तिने वही उजेडाकडे तिरकी धरली. तीन रेघा होत्या. एकावर एक मारलेल्या म्हणून मला जाड एकच दिसत होती. एक निळी, फिक्की पडलेली, तिच्यावर काळी, आणि तिच्यावर परत निळी पण वेगळ्या पेनची, बॉलपेनची, इतकी दाबून की मागच्या पानावर वळ उठलाय. तारीख फिक्क्या शाईत आहे, पहिल्या रेघेची. बाकी दोन कधी मारल्या काय माहीत. मी वर्षभर ती वही कपाटात ठेवून आहे आणि मला दिसलं नव्हतं.

ती म्हणाली, "म्हणजे त्यांना पण परत राग यायचा." आणि वही पुढच्याला दिली. बस, तिचं काम झालं होतं.

आता घरचं. आईला मी आजवर वही दाखवलीच नव्हती, भीती वाटायची. परवा दाखवली. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं, बोट फिरवलं त्या वळावरून. मला वाटलं आता रडेल. ती भडकलीच! म्हणाली, "मला सांगायचं होतं ना या माणसाने! मी इथे एकटी भांडत बसले इतकी वर्षं आणि हा आपला शांतपणे सोडून बसलाय!" दोन दिवस बाबांच्या फोटोकडे बघून पुटपुटत होती. स्पष्टच_बोलते, तुमचं आठवलं मला, दुसऱ्याने सोडलं म्हणून हिने सोडलं असं होत नाही, आणि मी तिला त्यावर काही बोललेही नाही.

काल रात्री मी झोपायला जात होते तर म्हणाली, काकांचा नंबर आहे का तुझ्याकडे. मी म्हटलं असेल, का गं? म्हणाली, "फोनबिन काही करणार नाहीये मी. लिहून ठेव नुसता कुठेतरी."

मी वहीतच लिहिला, रेघेच्या खाली.